पाणी न पिणाऱ्या सरपंचबाई

मागच्या उन्हाळ्यात घाटंजी तालुक्यातल्या एका लहानशा गावच्या सरपंचबाई दवाखान्यात आल्या. वय चाळीसच्या आत. लघवीला जळजळ, घडीघडी जावे लागणे, ओटीपोटात दुखणे आणि दोन दिवसांपासून बारीक ताप. सहा महिन्यांतली ही तिसरी खेप. मधुमेह नव्हता, सोनोग्राफीत खडाही दिसला नाही. औषध लिहिता लिहिता विचारले, "ताई, दिवसभरात पाणी किती पिता?"

"घरी असली म्हनजे पेतो, डॉक्टरसाहेब. तालुक्याले जायचं असलं की सकाळपासून घोटभरबी पेत नाई. तिथं बाईले जायले जागा कुठं हाय?"

जागा आहे, असे त्यांनीच पुढे सांगितले. पण तिला कुलूप असते आणि किल्ली मागायची लाज वाटते. सकाळी आठला निघायचे, साहेबांची वाट पाहत बाकावर बसायचे, सायंकाळी पाचला परतायचे. आठवड्यातून दोनदा तरी. याच बाईंनी गावात मागे लागून घरोघरी संडास बांधून घेतले आहेत!

वाचकहो, स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. भरपूर पाणी प्यायले आणि वेळेवर लघवीला गेले, की ते धुऊन निघतात. पाणी कमी आणि लघवी तासन्‌तास दाबलेली, म्हणजे जंतूंना आयतेच घर. त्यात आपल्या जिल्ह्याचा मे महिना. घामानेच अंगातले पाणी जाते, लघवी घट्ट होते, खड्याचाही धोका वाढतो.

पण मग आधीच्या दोन वेळचे औषध लागू का पडले नाही? कारण दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या घेऊन, बरे वाटताच त्या सोडल्या होत्या. पैसे नव्हते. सरपंचाकडे पैसे नाहीत, हे ऐकून गावात कोणीही हसेल. म्हणून हिशेबच सांगतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये शासनाने सरपंचांचे मानधन दुप्पट केले. दोन हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावात तीनचे सहा हजार, आठ हजारांपर्यंत चारचे आठ, त्याहून मोठ्या गावात पाचचे दहा हजार रुपये महिना. उपसरपंचांना दोन, तीन आणि चार हजार. साध्या सदस्याला बैठकीचा भत्ता तेवढा. सहा हजार म्हणजे दिवसाला दोनशे रुपये. तालुक्याला गेले की निंदणाची मजुरी बुडते. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पण त्यांच्या वेळेला एसटी नाही, म्हणून ऑटो. आलेल्या माणसाला चहा पाजायचा तोही खिशातून. आणि मानधन, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, दोन-तीन महिन्यांनी एकदम येते.

जिल्हा परिषदा १९६२ साली ज्या समितीच्या शिफारशींवरून उभ्या राहिल्या, तिचे अध्यक्ष आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. २०११ पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. बायका खुर्चीवर आल्या, पण बायकांच्या न्हाणीघराची किल्ली शिपायाकडेच राहिली.

पुरुष सरपंचांचे दुखणे वेगळे. दिवसभर उपाशीपोटी चहा आणि चर्चेला खर्रा. रक्तदाब तपासायला आले, की मी आधी तोंड उघडायला लावतो. त्यावर पुढे कधीतरी स्वतंत्र लिहीन.

बाईंना सांगितले ते सर्वांनाच लागू आहे. उन्हाळ्यात दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी (मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारून). तीन-चार तासांहून अधिक लघवी दाबू नये. लघवी तपासून घ्यावी, गोळ्या सांगितले तितके दिवस घ्याव्यात. थंडी वाजून ताप, कमरेच्या बाजूला दुखणे, उलट्या किंवा लघवीत रक्त दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदर आणि मधुमेही स्त्रियांनी तर साधी जळजळही अंगावर काढू नये.

तीन आठवड्यांनी बाई पुन्हा आल्या. ताप नव्हता, लघवीची तपासणी स्वच्छ होती. पिशवीत पाण्याची बाटली होती, अर्धी रिकामी. किल्लीचे काय झाले, असे विचारले.

"आम्ही पाच सरपंचबाया मिळून मांगाले गेलो," त्या म्हणाल्या. "एकटीले देत नव्हते."

गोळ्यांचे राहिलेले पैसे मात्र मानधन आल्यावर देते म्हणाल्या.