लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचे ओव्हरक्लॉकिंग आणि वॉरंटी

ग्राफिक्स चिप कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. डेस्कटॉपमधले ग्राफिक्स कार्ड बिघडले तर काढून दुसरे बसवता येते. लॅपटॉपमध्ये ही चिप बहुधा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. ती निकामी झाली तर सहसा पूर्ण मदरबोर्ड बदलावा लागतो. वॉरंटी नसेल तर हा खर्च ग्राहकाच्या माथी येतो.

वेग वाढवण्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नरसारखे सॉफ्टवेअर वापरतात. आधी मूळ अवस्थेतले तापमान, वेग आणि वीजवापर टिपून ठेवावा. मग कोअर क्लॉक, म्हणजे चिपचा मुख्य वेग, २५ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी वाढवत प्रत्येक टप्प्यावर थ्रीडीमार्कसारखी चाचणी घ्यावी. पडद्यावर रंगीत ठिपके दिसले, गेम अचानक बंद पडला किंवा ड्रायव्हर कोसळला, तर मर्यादा ओलांडली असे समजून मागे यावे. मेमरीचा वेग यानंतर, स्वतंत्रपणे तपासावा.

लॅपटॉपमध्ये वेगाला खरा अडसर विजेचा आणि उष्णतेचा असतो. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६० ही एकच चिप निरनिराळ्या लॅपटॉपमध्ये ३५ ते ११५ वॅटपर्यंतच्या मर्यादेत बसवली जाते. ती मर्यादा गाठली की क्लॉक वाढवूनही फारसे हाती लागत नाही. त्यात उन्हाळ्याची भर पडते: पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. खोलीचे तापमान २५ वरून ४० अंशांवर गेले, तर तेवढ्याच वीजवापरात आणि पंख्याच्या त्याच वेगात चिपही सुमारे १५ अंशांनी अधिक तापते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांचे हीट पाइप व पंखे बहुधा सामाईक असतात. त्यांत धूळ साचली की चिप स्वतःच वेग कमी करते. त्यामुळे पंखे साफ ठेवणे आणि व्होल्टेज थोडे कमी करणे हे उपाय या भागात अधिक लाभाचे ठरतात. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने थोडी घटही उपयोगी पडते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स ९००एम मालिकेचे ओव्हरक्लॉकिंग ड्रायव्हरमधून बंद केले होते. ग्राहकांच्या नाराजीनंतर ते पुन्हा सुरू झाले. मात्र चिपमध्ये सोय असणे आणि लॅपटॉप कंपनीने नुकसानीची हमी घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान अनेक कंपन्यांच्या वॉरंटीतून वगळलेले असते. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपनीचेच सॉफ्टवेअर मर्यादित वेगवाढ देते. तरीही अटी वाचाव्यात. व्हीबायोस, म्हणजे ग्राफिक्स चिपचे मूळ सॉफ्टवेअर, बदलणे सर्वांत धोक्याचे, कारण तो बदल चिपसोबतच्या मेमरीत कायम राहतो आणि तपासणीत दिसतो.

बिजागरी, कीबोर्ड किंवा बॅटरीच्या दोषाचा वेगवाढीशी संबंध नसेल, तर तक्रार नाकारण्याचे कारण कंपनीकडून लेखी मागावे. लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी डेटाची प्रत काढावी. देताना जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीची पावती, घ्यावी आणि बदल केला असल्यास तो लपवू नये.

दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे जाता येते. म्हणून शिरूर-दौंडच्या रहिवाशाला कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी पुणे जिल्हा आयोगात दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची आहे, आणि गरज पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. बिल, वॉरंटीच्या अटी, जॉबशीट आणि कंपनीचे लेखी उत्तर हे तक्रारीचे मुख्य पुरावे होत.