सगळ्यात चांगला बोकड आधी का विकला जातो?

तुमच्या वाडीत कुणाकडे शेळ्या असतील तर एक साधा प्रश्न विचारून बघा. गेल्या वर्षी जन्मलेल्या बोकडांपैकी सगळ्यात आधी कोणता विकला गेला? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येईल: जो सगळ्यात भराभर वाढला, तो. जत्रा असो, राखण असो, बकरी ईद असो, नाहीतर घरात कुणाच्या अ‍ॅडमिशनची फी भरायची असो. ‘बोकड मोठो झालो, विकून टाक’ हे ठरलेलंच. मग मागे राहतो कोण? ज्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, तो. आणि पुढच्या वर्षीच्या करडांचा बाप तोच होतो.

‘निवड पद्धतीने पैदास’ हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे लॅब, मायक्रोस्कोप आणि परदेशातले धष्टपुष्ट बैल येतात. पण निवड तर आपल्या गोठ्यातही रोज चालू आहे. फक्त ती उलट्या दिशेने चालली आहे.

परदेशात मांसासाठी गुरं पाळतात, तिथे या निवडीचं मोठं शास्त्र उभं राहिलं आहे. आपल्याकडे ती जागा शेळी-मेंढीची आहे. आणि सिंधुदुर्गाकडे तर स्वतःची, या मातीतली मांसाची शेळी आहे, कोकण कन्याळ. काळंभोर अंग, तोंडावर पांढरे पट्टे, लांब सपाट कान आणि त्यांना पांढरी किनार. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण हा तिचा मुलूख. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कुडाळ तालुक्यातल्या निळेली इथल्या केंद्रात ही जात सांभाळली, तिचा अभ्यास केला. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी यांच्या रांगेत आज तिचंही नाव आहे. पूर्ण वाढलेला चांगला बोकड पन्नास किलोच्या आसपास जातो. म्हणजे गुण आहेत. प्रश्न आहे ते टिकवायचे आणि वाढवायचे कसे, हा.

बोकड म्हणजे अर्धा कळप

थोडं गणित करू, घाबरू नका. पैदासशास्त्रातलं हे सगळ्यात कामाचं सूत्र आहे. निवडलेले आई-बाप कळपाच्या सरासरीपेक्षा जितके सरस, त्याला त्या गुणाच्या आनुवंशिकतेने गुणायचं. जे उत्तर येतं, तेवढी पुढची पिढी सुधारते. शेळ्यांमध्ये वजनाची आनुवंशिकता साधारण ०.२ ते ०.४ धरतात. बाकीचा फरक चारा, आजार, हवामान, आईचं दूध यांच्यामुळे पडतो.

समजा, एका कळपात वर्षाच्या बोकडाचं सरासरी वजन २० किलो आहे आणि तुम्ही पैदाशीसाठी २४ किलोचा ठेवला. शेळ्या मात्र सरासरीच आहेत. म्हणजे आई-बाप मिळून २ किलोने सरस. गुणिले ०.३, म्हणजे करडामागे ०.६ किलोचा फायदा. आता २४ किलोचा विकला आणि १६ किलोचा मागे राहिला, तर तेवढाच तोटा. दोन्हींतला फरक करडामागे १.२ किलो. कमी वाटतं? पण एक बोकड पंचवीस-तीस शेळ्यांना पुरतो. त्याची निवड म्हणजे सगळ्या करडांच्या अर्ध्या गुणांची निवड. आणि हा फायदा चाऱ्यासारखा दरवर्षी नव्याने विकत घ्यावा लागत नाही. पुढची निवडही नीट केली, तर तो पिढी दर पिढी साठत जातो.

आणखी एक गडबड आहे. मागे राहिलेला बोकड वर्षानुवर्षं त्याच कळपात राहतो आणि स्वतःच्या मुली-नातींनाच लागतो. जवळच्या नात्यातल्या अशा पैदाशीतून करडं कमजोर निघतात, मरतुक वाढते. आपण मात्र दोष देतो पावसाला.

यावरचा उपाय अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या लेस्टरशायरच्या रॉबर्ट बेकवेल नावाच्या शेतकऱ्याने वापरला होता. तो आपले उत्तम मेंढे विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्याने द्यायचा. पैसे मिळायचेच, वर दहा ठिकाणच्या कळपांत त्या मेंढ्याची पिल्लं कशी निघतात हेही कळायचं. बाप चांगला की वाईट हे त्याच्या दिसण्यावरून नाही, पोरांवरून ठरवायचं. आज मोठ्या देशांतल्या गुरांच्या पैदाशीचा डोलारा याच कल्पनेवर उभा आहे. फक्त वहीच्या जागी कॉम्प्युटर आणि डीएनए चाचणी आली आहे.

नुसतं वजन बघून चालत नाही

मग परदेशातला दणकट बोअर बोकड आणून संकर केला की झालं, असं तुम्ही म्हणाल. संकराची पहिली पिढी वाढते चांगली, हे खरं. पण बोअर घडला दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या माळावर. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ओला गोठा, जंत, खुरांचे आजार, आणि उन्हाळ्यात सड्यावर नावाला गवत. हे सगळं सोसून वर्षाकाठी करडं जगवणं हीसुद्धा उत्पादकताच आहे. वजनकाट्यावर दिसत नाही, एवढंच.

एकाच गुणामागे धावलं की काय होतं ते बेल्जियन ब्ल्यू या गुरांकडे बघा. स्नायूंची वाढ रोखणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकातल्या बिघाडामुळे ही गुरं पैलवानासारखी फुगलेली दिसतात, मांस भरपूर. पण वासरं इतकी मोठी की शुद्ध जातीच्या बहुतेक गायींचं सिझेरियन करावं लागतं. आपल्याकडे आडवाडीतल्या म्हातारीने पाळलेल्या शेळीसाठी रात्री दोन वाजता सर्जन कुठून आणणार?

शहाणपणाने केलेलं उदाहरण महाराष्ट्रातच आहे, फलटणला. दख्खनी मेंढी बहुतेकदा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी मात्र लहानखुरी, पण जुळी-तिळी देणारी. निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळमधला जुळ्यांचा ‘फेक-बी’ जनुक दख्खनी मेंढीत आणला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या दख्खनीशीच पैदास करत अंगलट आणि काटकपणा दख्खनीचाच ठेवला. त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. गंमत म्हणजे हाच जनुक अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याहून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांबरोबर ऑस्ट्रेलियात पोचला असं मानतात. तिथे तो ‘बुरूला’ नावाने जगप्रसिद्ध झाला. त्याची नेमकी ओळख पटली २००१ मध्ये. सगळं बाहेरून आणण्याऐवजी हवा तेवढाच गुण घ्यायचा आणि आपलं काटकपण हातचं सोडायचं नाही, ही फलटणची शिकवण आहे.

तुमच्या हातात काय आहे?

बरंच काही. एक हूकवाला वजनकाटा, एक वही आणि कानात लावायचे नंबरचे बिल्ले. जन्माला, तीन महिन्यांनी दूध तुटल्यावर, सहा महिन्यांनी आणि वर्षाने वजन घ्या. आई कोण, बाप कोण, करडू एकटं की जुळं, जन्म कुठल्या महिन्यातला, हे लिहा. तुलना करताना एक काळजी घ्या. दिवाळीनंतर जन्मलेलं एकटं करडू आणि भर पावसात जन्मलेलं जुळ्यातलं करडू यांना एका रांगेत उभं करू नका. एकट्याला आईचं सगळं दूध मिळतं. तो मोठा दिसतो तो दुधामुळे की रक्तामुळे, हे कळत नाही. एकाच हंगामातल्या, एकाच प्रकारच्या करडांची आपापसात तुलना करा. आणि दरवर्षी करडं जगवणाऱ्या आईच्या मुलाला दोन गुण जास्त द्या.

एका घरात चार-पाच शेळ्या असतात, त्यामुळे एकट्याची वही फारसं सांगत नाही. पण वाडीतल्या दहा घरांच्या नोंदी एकत्र आल्या तर चित्र दिसायला लागतं. इथे तुमची खरी गरज आहे. बीएस्सीवाल्यांना आनुवंशशास्त्र येतं, कॉमर्सवाल्यांना एक्सेल येतं, एनएसएसला गावात जायचंच असतं. दहा घरांनी मिळून एक उत्तम बोकड ठेवायचा, दोन वर्षांनी शेजारच्या वाडीच्या बोकडाशी अदलाबदल करायची, बाकीचे वेळेवर खच्ची करायचे.

अडचण एकच आहे, आणि ती शास्त्राची नाही. सगळ्यात चांगला बोकड राखणं म्हणजे हातात येणारी सगळ्यात मोठी नोट नाकारणं. ज्याच्या घरी फी भरायची आहे, त्याला ‘थांब’ म्हणून सांगायचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून तो बोकड विकायच्या आधी वाडीने मिळून विकत घ्यावा, बाजारभावाने. दहा घरांत वाटला तर खर्च एका मोबाइल रिचार्जच्या आगेमागे जातो. हा हिशेब मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहा.