दिवा विझण्याआधीचे पंधरा दिवस

बालमित्रांनो, समजा, उद्या तुमचा गणिताचा पेपर आहे. संध्याकाळी शाळेतून घरी आलात, बटण दाबलं, पण दिवा काही लागेना! शेजारच्या घरात मात्र लख्ख उजेड. मग आई हळूच सांगते, "अरे, बिल भरायचं राहिलं होतं. दुपारी लाइट कापून गेले."

बिल थकलं की वीज तोडता येते, हे खरं. वापरलेल्या विजेचे पैसे भरायलाच हवेत. पण म्हणून आज बिल चुकलं आणि उद्या अंधार, असं करता येतं का? मुळीच नाही!

आपल्या देशात 'विद्युत अधिनियम, २००३' हा कायदा आहे. त्याचं ५६ वं कलम सांगतं, की थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिलीच पाहिजे. १९१० च्या जुन्या कायद्यात ही मुदत ७ दिवसांची होती. रोजंदारीवर पोट असणाऱ्या घराला हे वाढलेले आठ दिवस फार मोलाचे. तेवढ्यात आठवड्याची मजुरी हाती येते, नाहीतर हप्ते बांधून द्या म्हणून अर्ज करता येतो.

आणि बिलच चुकीचं असेल तर? समजा, एका आजींना गेले सहा महिने २८०, ३२०, ३००, २९०, ३१० आणि ३०० रुपये बिल आलं. यंदा एकदम ९,३०० रुपये! आजींनी काय करावं? करा पाहू सरासरी. बरोबर, ३०० रुपये! 'हे बिल मला मान्य नाही' असं लेखी कळवून आजींनी या महिन्याचे ३०० रुपये भरले, तर वादाचा निकाल लागेपर्यंत त्यांची वीज तोडता येत नाही. दाद मागायला ग्राहक तक्रार निवारण मंच असतो. तिथेही समाधान झालं नाही, तर विद्युत लोकपाल असतात.

इतर देशांतही असे नियम आहेत. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्याने, बिल थकलं म्हणून राहत्या घराचं पाणी तोडायला बंदी घातली. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या कडाक्याच्या थंडीत थकबाकीसाठी राहत्या घराची वीज किंवा गॅस तोडत नाहीत. पैसे माफ होत नाहीत हं! वसुली होतेच, पण माणसाला गारठ्यात ठेवून नाही.

पण मित्रांनो, नोटीस कोणी वाचलीच नाही तर कायदा तरी काय करणार? अनेक घरांत बिल येतं आणि खुंटीला अडकवलं जातं. म्हणून या रविवारी एक काम करा. घरचं वीजबिल घ्या. त्यातल्या चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करा. आले वापरलेले युनिट! १०० वॅटचा दिवा १० तास जळला की १ युनिट होतं. मग मोठ्या माणसांना सोबत घेऊन मीटरवरचा आकडा बघा. मीटरला हात मात्र लावायचा नाही! मीटरवरचा आकडा बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा कमी दिसला, तर लगेच घरात सांगा.

आणि हो, शेजारच्या आजींना वाचता येत नसेल, तर त्यांच्या खुंटीवरचा कागदही वाचून दाखवा. कोण जाणे, ती पंधरा दिवसांची नोटीसच असेल!