अनोळखी गिऱ्हाइकाची ऑर्डर
रसायनांची दुनिया : लेखांक ९

१८९७ सालचा ऑगस्ट महिना. जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने काही दिवसांच्या अंतराने दोन पदार्थ तयार केले. एक ॲस्पिरिन, दुसरे हेरॉइन. हेरॉइन तर कंपनीने पुढच्याच वर्षी खोकल्याचे औषध म्हणून विकायला काढले. आज ॲस्पिरिन कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते आणि हेरॉइन जवळ सापडले तर तुरुंगाची हवा खावी लागते. पण दोघांची रासायनिक कूळकथा एकच आहे आणि त्यात एक नाव ठळकपणे येते, ॲसेटिक ॲनहायड्राइड.

व्हिनेगरसारखा, पण डोळ्यांतून पाणी काढणारा उग्र वास असलेला हा द्रव जगात दरवर्षी लाखो टन तयार होतो. सिगारेटच्या फिल्टरचा धागा, रंग, औषधे अशा कितीतरी ठिकाणी तो लागतो. महाराष्ट्राशी त्याचे नाते तर उसापासूनचे. साखर कारखान्यातली मळी, मळीपासून अल्कोहोल, त्यापासून ॲसेटिक ॲसिड आणि पुढे ॲनहायड्राइड, अशी साखळी आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आली आहे. पुणे जिल्ह्यात नीरेला त्याचे उत्पादन होते.

या महासागरातून तस्करांना हेरॉइन बनवण्यासाठी हवी असते ती एखादी घागर. म्हणूनच ती गेलेली कळत नाही.

बंदी घालावी तर औषधांचे कारखाने बंद पडतील. तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या १९८८च्या अमली पदार्थविरोधी करारातील बाराव्या कलमाने मधला मार्ग काढला. रसायन विकावे, पण ते कोणाला आणि कशासाठी विकले याचा हिशेब ठेवावा. भारतात अमली पदार्थविरोधी कायद्याखाली १९९३मध्ये आणि पुन्हा २०१३मध्ये नियंत्रण आदेश निघाले. ॲसेटिक ॲनहायड्राइड, एफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन यांसारखी रसायने बनवणाऱ्याला व विकणाऱ्याला नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोकडे नोंदणी करावी लागते. खरेदीदाराने माल कशासाठी हवा ते लिहून द्यायचे, प्रत्येक गाडीबरोबर ठरावीक कागद जायचा आणि तिमाही विवरणपत्र ब्यूरोला पाठवायचे. निर्यातीसाठी ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स आयुक्तांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते ते वेगळेच.

कागद मात्र खोटे बनवता येतात. शिक्का बनवायला वेळ लागत नाही आणि लेटरहेड तर त्याहून स्वस्त. ब्यूरोच्या अधिकाऱ्याला गाडीबरोबरचा कागद दिसतो, गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत नाही. तो दिसतो विक्री विभागात दहा-पंधरा वर्षे मुरलेल्या माणसाला.

अशा माणसाच्या टेबलाशी क्षणभर बसून पाहावे. नेहमीचा खरेदीदार कसा वागतो हे त्याला पाठ असते. तो भावासाठी घासाघीस करतो, साठ दिवसांची उधारी मागतो, शुद्धता किती टक्के ते विचारतो, मागच्या वेळी ड्रमचे झाकण गळत होते म्हणून कुरकुरतो. आणि एक दिवस फोन येतो. नाव नवे, भाव सांगाल तो मान्य, पैसे रोख. टँकर नको, छोटे ड्रम हवेत. पोचवण्याची तसदी घेऊ नका, आमचाच टेम्पो येईल. माल कशाला हवा, असे विचारले की पलीकडचा थोडा थांबतो आणि ‘डाय’ म्हणतो. कुठला डाय, याला उत्तर नाही. यातले काहीच बेकायदा नाही, पण कुरकूर न करणारे गिऱ्हाईक पाहून जुन्या विक्रेत्याच्या मनात पाल चुकचुकते.

ही चुकचुक पोलिसांपर्यंत पोचावी, यासाठीच सारा खटाटोप. व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाने २००९मध्ये रसायन उद्योगासाठी स्वेच्छा आचारसंहितेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांचा गाभा हाच आहे. गिऱ्हाईक ओळखा, वेगळे काही दिसले तर कळवा. देशादेशांतल्या व्यापारासाठी याच मंडळाने २००६मध्ये ऑनलाइन पूर्वसूचनेची सोय केली. माल बंदरातून हलण्याआधीच आयात करणाऱ्या देशाला विचारले जाते, ही कंपनी तुमच्याकडे खरोखर आहे का? आज दीडशेहून अधिक देश या यंत्रणेत आहेत.

अर्थात उद्योग दरवेळी राजीखुशीने साथ देतो असे नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात अमली पदार्थविरोधी खात्याचे अधिकारी जीन हेस्लिप यांनी मेथॅम्फेटामाइन हा अमली पदार्थ ज्यांपासून बनतो त्या एफेड्रिन आणि स्यूडोएफेड्रिनवर नियंत्रणाचा आग्रह धरला, तेव्हा ही रसायने असलेल्या सर्दीच्या गोळ्या विकणाऱ्या कंपन्यांनी वॉशिंग्टनमध्ये जोर लावला. १९८८च्या कायद्यातून तयार गोळ्या वगळल्या गेल्या. मेथॅम्फेटामाइन बनवणारे सरळ त्या गोळ्यांकडे वळले. गोळ्या काउंटरमागे जायला आणि खरेदीदाराची सही घ्यायला २००६ साल उजाडले. ऑस्ट्रेलियात उलटे घडले. तिथे औषध दुकानदारांच्या संघटनेनेच २००५मध्ये क्वीन्सलँडमध्ये ‘प्रोजेक्ट स्टॉप’ सुरू केला. ओळखपत्रावरचा क्रमांक संगणकात घातला की हाच माणूस आज आणखी कुठल्या दुकानातून तीच गोळी घेऊन आला, ते दुकानदाराला जागच्या जागी दिसते.

आणि घरातलाच माणूस फितूर झाला तर? एप्रिल २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत सुमारे साडेअठरा टन एफेड्रिन जप्त केले. कारखाना औषधनिर्मितीचाच होता. तिथला माल परदेशातल्या टोळीकडे वळवण्याचा बेत होता, असा पोलिसांचा आरोप. अशा ठिकाणी गिऱ्हाइकाचा अर्ज कितीही काटेकोर असला तरी काय उपयोग? तिथे साठ्याची नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा यांचा मेळ कोणीतरी तिऱ्हाइताने घालावा लागतो.

अलीकडे तस्करांनी नवीच वाट शोधली आहे. नियंत्रण यादीतले रसायन मागायचेच नाही. त्याच्या एक पायरी आधीचे, यादीत नसलेले रसायन मागणीनुसार बनवून घ्यायचे. अशाच एका रसायनाचे आद्याक्षरी नाव ‘अपान’, मराठी वाचकाला हसू आवरणार नाही असे. ते २०१४मध्ये जागतिक यादीत आले. तस्करांनी पर्याय शोधले आणि ‘मापा’ नावाचे आणखी एक रसायन २०२०मध्ये यादीत घालावे लागले. २०२४मध्ये मग एकेकाला न पकडता एकाच घराण्यातली रसायने एकत्र यादीत टाकली गेली.

तरीही यादी पाठलागच करते आहे. अपान, मापा यांसारख्या रसायनांना वैध उद्योगात जवळपास गिऱ्हाईकच नाही. पण एखाद्या छोट्या कारखान्याला अनोळखी पत्त्यावरून अशा मालाची टनभर ऑर्डर आली आणि ते नाव अजून कुठल्याच यादीत नसले, तर कायदा त्याला अडवत नाही. त्या दिवशी मालकाने ऑर्डर घेण्याआधी ब्यूरोच्या विभागीय कार्यालयात फोन लावला तरच कोणाला काही कळणार.