माती पडण्याआधी

सरकारी खरेदी म्हटलं की लोकांना फक्त टेंडर आठवतं. लिफाफे उघडायचे, एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दरवाला, कोण ते बघायचं, त्यात गंमत असतेच म्हणा. पण नळयोजनेच्या फायलीत हा भाग लवकर आटोपतो. आधी अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी. मग अनामत रक्कम, तांत्रिक लिफाफा, तो पास झाला तरच दराचा. शेवटी कार्यादेश. जीव टांगणीला लागतो तो त्यानंतर, पाईप जमिनीत जाताना.

एचडीपीई प्लॅस्टिक पाईपचं वेटोळं उतरलं की त्यावरचा छाप वाचायचा: व्यास, दाब, मानक क्रमांक. चारीची खोली टेपनं मोजायची. जोड उघडे असतानाच पाणी भरून दाब द्यायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला, तर गळती शोधा. तोवर मुकादम दहादा विचारतो, ‘साहेब, बुजवू का?’ त्याचंही खरं. वाट अडते, ट्रॅक्टरवाले ओरडतात. पण एकदा माती पडली की मोजमाप पुस्तकात लिहिलं तेवढंच खरं. बिल त्यावरच निघतं.

अशाच कामांसाठी गाजलेल्या मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरला पाण्याची कामं नवी नाहीत. 1615 मध्ये मुघल सरदार खानखानानं बांधवलेला कुंडी भंडारा सातपुड्याचं झिरपतं पाणी पंपाविना शहराकडे आणतो, आणि तेही एल-वनविना! 15 ऑगस्ट 2019 ला घरोघरी नळ देणारं जल जीवन मिशन जाहीर झालं, तेव्हा जिल्ह्यातल्या 1,01,905 ग्रामीण घरांपैकी 37,241 घरांतच नळ होता. जुलै 2022 मध्ये हाच देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला.

मला या प्रमाणपत्राची शेवटची पायरी सगळ्यांत मोलाची वाटते. एरवी काम पुरं झाल्याचा दाखला कचेरीतच जन्मतो आणि तिथेच फायलीला लागतो. इथे अभियंत्यानं तो ग्रामसभेत मांडायचा. घरांत, शाळेत, अंगणवाडीत पाणी येतं की नाही ते गावानं ठरावात सांगायचं. अशा 254 गावांच्या ठरावांवर जिल्ह्याचं प्रमाणपत्र उभं आहे. माणशी रोज 55 लिटर कागदावर सहज बसतात. टेकाडावरच्या शेवटच्या घरी धार केवढी पडते, हे त्या घरची बाईच सांगू शकते.

पुढे वीजबिल आणि पाणीपट्टी गावच्या पाणी समितीकडे. ठेकेदाराच्या ठेवीचा काही भाग मात्र दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत अडकून राहतो. तोवर जोड सुटला की फोन त्यालाच.