सही करण्याआधी शब्द विचारा



आपल्याला कुठं इंग्रजी येतं, असं आपण म्हणतो. पण दिवसभरात किती इंग्रजी शब्द आपल्या तोंडी असतात, ते एकदा मोजून बघा. गॅस, मिक्सर, रिचार्ज, स्टँड, तिकीट, डॉक्टर. यांचे अर्थ आपल्याला कुणी शिकवले नाहीत. वस्तू घरात आली, तिच्यासोबत शब्दही आला. ही रीत जुनीच आहे. बटाटा, पाव, चावी, पगार, लिलाव हे शब्द पोर्तुगिजांच्या भाषेतून आले आणि आपलेच होऊन गेले.

बँकेतल्या शब्दांचं मात्र तसं होत नाही. मिक्सर समोर दिसतो, गॅरंटी दिसत नाही. शब्द ऐकून ऐकून ओळखीचा होतो आणि अर्थ आपण अंदाजाने धरतो. त्या अंदाजावर सही होते किंवा अंगठा उठतो. म्हणून आज असे काही शब्द नीट समजून घेऊ.

पहिला शब्द नॉमिनी. नॉमिनी म्हणजे वारस, असं बहुतेक जणी सांगतात. ते बरोबर नाही. नॉमिनी म्हणजे नाव सुचवलेली व्यक्ती. खातेदार वारला तर बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे, एवढंच त्या नावाने ठरतं. पैशांवर मालकी कायदेशीर वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांची असते. बँक खात्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हेच सांगितलं आहे. आयुर्विम्यात नवरा, बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर नियम निराळा आहे. पण खात्यावर दिराचं किंवा भावाचं नाव नॉमिनी म्हणून असेल, तर तेवढ्याने मुलांचा हक्क जात नाही. आणि एखाद्या बाईचं नाव नॉमिनी म्हणून लावलं, म्हणून सगळे पैसे तिचेच झाले असंही नाही. लग्नाआधी खातं काढलं असेल तर नॉमिनी कोण आहे ते बघून घ्या. नाव केव्हाही बदलता येतं.

दुसरा शब्द गॅरंटर, म्हणजे जामीनदार. "वहिनी, नुसती एक सही पाहिजे," असं म्हणून कागद पुढे येतो. आपल्याला वाटतं, ही साक्षीदाराची सही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साक्षीदार फक्त म्हणतो, की ही सही माझ्यासमोर झाली. जामीनदार म्हणतो, की याने फेडलं नाही तर मी फेडीन. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं, की करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे कर्ज थकलं तर बँक सरळ आपल्या दारात येऊ शकते. सही करण्याआधी एकच विचारायचं: मी साक्षीदार की जामीनदार?

तिसरा शब्द फ्लॅट रेट. फ्लॅट म्हणजे सपाट. व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर सपाट लावलं जातं. आपल्या गटात तसं नसतं, तिथे उरलेल्या मुद्दलावर व्याज घेतो. त्याला रिड्यूसिंग, म्हणजे घटत्या शिलकीचं व्याज म्हणतात.

हिशोब करून बघू. १२,००० रुपये कर्ज, वर्षाची मुदत, दर दोन्हीकडे १२ टक्के. फ्लॅटने व्याज होतं १,४४० रुपये. घटत्या पद्धतीने, दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडत गेलं, तर पहिल्या महिन्याला व्याज १२० रुपये, दुसऱ्या महिन्याला ११०, असं उतरत शेवटी १० रुपये. सगळं मिळून ७८०. टक्का तोच, पण ६६० रुपयांचा फरक. म्हणून नुसतं "किती टक्के?" विचारून भागत नाही. "फ्लॅट की घटत्या शिलकीवर?" हेही विचारायचं.

चौथा शब्द मोरेटोरियम. कोरोनाच्या काळात हा घरोघरी पोचला. मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते न भरण्याची सवलत होती. कितीतरी जणींना वाटलं, की तेवढे हप्ते माफ झाले. या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्याचा अर्थ आहे उशीर करणे. हप्ता थांबतो, व्याजाचं चाक फिरतच राहतं. माफी वेगळी, मुदत वेगळी.

पाचवी जोडी मॉर्गेज आणि हायपोथिकेशन. मॉर्गेज म्हणजे जमीन किंवा घर गहाण ठेवणं. जुन्या फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ होतो 'मेलेलं तारण'. फेडलं नाही तर मालमत्ता आपल्यासाठी मेली, अशी त्यामागची समजूत. हायपोथिकेशनमध्ये ट्रॅक्टर किंवा दुचाकी आपल्याच दारात असते, आपणच वापरतो, पण कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर बँकेचा बोजा असतो. शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं, असं समजू नका. बँकेकडून बेबाकी दाखला घ्यायचा आणि सातबाऱ्यावरचा किंवा आरसी बुकावरचा बोजा उतरवून घ्यायचा. नाहीतर पुढे विकताना किंवा नवं कर्ज घेताना अडतं.

शेवटचा शब्द इनऑपरेटिव्ह. दोन वर्षं खात्यात आपण काहीच व्यवहार केला नाही तर खातं असं निष्क्रिय होतं. दहा वर्षं तसंच राहिलं तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण पैसे बुडत नाहीत. आपल्या बँकेत ओळखीचे कागद देऊन ते परत मागता येतात. सासूबाईंचं, आईचं जुनं पासबुक ट्रंकेत असेल तर काढून बघा.

आता कुणी म्हणेल, बँकेत गर्दी असते, साहेब घाईत असतात, विचारायचं कसं? मैत्रिणींनो, विचारणं हा आपला हक्क आहे. ज्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे, त्याला मिळणाऱ्या सूक्ष्म कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केले आहेत. हे कर्ज तारणाशिवाय द्यायचं असतं. कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. व्याज आणि इतर खर्च लिहून द्यावे लागतात. मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही. तेव्हा "मराठीत द्या, मला वाचू द्या," असं म्हणण्यात लाज कसली?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं पासबुक आणि कर्जाचं कार्ड घेऊन या. ज्यांना वाचता येतं त्यांनी मोठ्याने वाचायचं. जो शब्द अडेल तो वहीत लिहायचा आणि बँकेत जाऊन त्याचा अर्थ विचारून यायचं. अर्थ कळल्याशिवाय सही करायची नाही, हे आपण सगळ्या मिळून ठरवू.