डॅशबोर्ड रंगवायचाय? आधी पट्टी उलटून बघा

गाडीच्या आतलं प्लास्टिक उन्हाने पांढरट पडलंय. स्प्रे मारू की डाय? मी आधी पट्टी काढून मागचा शिक्का बघतो. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावर नुसता रंग धरत नाही, नखाने सोलून निघतो. प्लास्टिकचा प्रायमर हवाच. ‘एबीएस’वर रंग बरा बसतो. सीटचं रेक्झिन दबतं, वाकतं. तिथे विनाइल डाय, पातळ दोन-तीन हात. आधी चकचकीत पॉलिशमधलं सिलिकॉन पुसून काढा, नाहीतर रंग जागोजागी फाकतो. आणि रत्नागिरीच्या पावसाळ्यात तर नकोच! दमट हवेत लॅकर पांढुरकं होतं. एअरबॅगच्या झाकणाला मात्र हात लावू नका. ते ठरलेल्या रेघेवर फाटूनच उघडतं, त्यावर रंगाचा थर नको.